‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी

वाचकहो, घरातील एखादी वयस्कर व्यक्ती विसरू लागली, चालताना अडखळू लागली, रात्री पायांची आग होते म्हणू लागली, तर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? ‘आता वय झाले.’ हे वाक्य मीही म्हटले आहे. एकदा नव्हे, सलग पाच महिने म्हटले आहे, आणि तेही माझ्या वडिलांना, त्यांच्या तोंडावर. त्या पाच महिन्यांत मी रोज सकाळी माझ्या हाताने त्यांना मधातून जे चाटवत होते, तेच त्यांच्या स्मरणशक्तीवर घाव घालत होते. हे सांगणे मला सोपे जात नाही. तरीही सांगते, कारण हा अंक ज्यांच्या हाती आहे त्यांपैकी अनेकजण एकतर माझ्या वडिलांच्या जागी असतील, नाहीतर माझ्या जागी.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. आई गेल्यावर काही वर्षे ते गावी एकटे राहिले आणि मग माझ्याकडे पुण्यास आले. त्यांच्या सामानात धोतरजोड्या कमी आणि पोथ्या अधिक होत्या. त्यांतील दोन-तीन पोथ्या पणजोबांच्या काळातील, बोरूने लिहिलेल्या. लहानपणी त्या पोथ्यांतील पिवळे डाग पाहून मी नानांना विचारले होते, “हळद सांडली का हो यावर?” तेव्हा त्यांनी समजावले होते, “हा हरताळ. लिहिताना चूक झाली, की त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा. खालचे अक्षर झाकले जाते आणि वर नवे लिहिता येते.” ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला तो याच रिवाजातून. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाल्यावर मला कळले, की हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. मनशीळ हे त्याचेच तांबडे भावंड. जुन्या गोष्टींतून राजेरजवाड्यांना चोरून दिला जाणारा सोमल तोही आर्सेनिकचाच. एकतीस वर्षे मी मुलांना हे शिकवले. आपल्या घरात तो कोणत्या वाटेने येईल, हे मात्र मला ओळखता आले नाही.

नानांना हिवाळ्यात दम्याचा त्रास होई. एका ओळखीच्या गृहस्थांनी यात्रेतील एका औषधविक्याकडून पुड्या आणून दिल्या. राखाडी-पांढुरके चूर्ण, ना नाव ना लेबल. गृहस्थांचा हेतू निखळ चांगला होता. त्यांच्या स्वतःच्या आईला गुण आला होता. नानांनाही सुरुवातीस श्वास मोकळा वाटू लागला, आणि म्हणूनच आमचा विश्वास बसला. पुड्या संपल्या की नव्या येत. असे चौदा महिने चालले.

साधारण नवव्या महिन्यापासून नाना म्हणू लागले, “पोरी, तळपायाखाली तापलेली वाळू आहे असे वाटते.” रात्री ते पाय पांघरुणाबाहेर काढून, थंड फरशीवर टेकवून बसत. पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. चालता चालता त्यांची चप्पल पायातून निसटे आणि त्यांना त्याचा पत्ता नसे; एक पाय चपलेत आणि एक अनवाणी, अशा अवस्थेत ते कोपऱ्यापर्यंत जाऊन येत. आम्ही हसलो. नातवंडे हसली. नानाही हसले. मग जपमाळ ओढताना मणी बोटांना लागेनासे झाले. मणी मोजण्यासाठी ते माळेकडे डोळे लावून बसू लागले.

सर्वांत शेवटी विष्णुसहस्रनाम गेले. साठ वर्षे रोज पहाटे म्हटलेले हे स्तोत्र त्यांच्या ओठांवर आपोआप येई. आता ते मध्येच एका जागी थांबत, मागे येत, पुन्हा त्याच जागी थांबत. एकदा मी चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, “पुढचे कुठेतरी आहे गं. दिसत नाही.” मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “नाना, वय झाले. असे व्हायचेच.” त्यानंतर पुडी सोडून मधात कालवली आणि त्यांच्यापुढे धरली.

अखेर एके दिवशी नाना न्हाणीघरात तोल जाऊन पडले. हाड मोडले नाही, पण त्या निमित्ताने आम्ही एका तरुण फिजिशियन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम सर्वसाधारण कारणे तपासली. वाचकहो, हा क्रम आपणही लक्षात ठेवावा. पायांची आग आणि विस्मरण ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि रक्तातील सोडियमचे प्रमाण यांची तपासणी आधी होते. शाकाहारी वृद्धांत ब-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती वेळेवर ओळखली तर उपचारांनी सुधारते. नानांचे हे सर्व अहवाल ठीक आले. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मोजे काढायला सांगितले, तळवे उजेडात धरले, सदरा वर करून छाती पाहिली. तळहातांवर आणि तळपायांवर तांदळाच्या कणीएवढे कठीण उंचवटे होते. छातीवर, धुळीच्या अंगणात पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे, काळे-पांढरे ठिपके होते. मी ते रोज पाहत होते आणि वृद्धत्वाच्या खात्यावर मांडत होते.

डॉक्टर म्हणाल्या, “आजोबा, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडात काय काय जाते, ते सगळे सांगा. औषध वाटत नसेल तेही सांगा.”

मी औषधांची यादी पुढे केली. नाना मात्र सरळपणे म्हणाले, “आणि मुलगी सकाळी पुडी देते ती.”

“ती काय, ती साधी झाडपाल्याची...” असे मी म्हणू लागले आणि मध्येच थांबले. त्या यादीत पुडी मी लिहिलीच नव्हती, कारण माझ्या लेखी ते औषध नव्हते.

चोवीस तासांचे मूत्र जमा करून त्यातील आर्सेनिक मोजले गेले. चाचणीपूर्वी डॉक्टरांनी विचारले, की गेल्या चार दिवसांत मासे खाल्ले होते का. आम्ही खात नाही, पण प्रश्नाचे कारण जाणून घेतले. समुद्रातील मासे व कालवे यांत एक सेंद्रिय प्रकारचे आर्सेनिक असते. ते जवळपास निरुपद्रवी असते आणि तसेच बाहेर टाकले जाते, पण चाचणीचा आकडा मात्र फुगवते. कोकणातील व गोव्यातील वाचकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: असा तपास करण्याची वेळ आली तर आधी तीन-चार दिवस मासे वर्ज्य करावेत आणि माशांतील आर्सेनिकला भिऊन ताटातली मासळी सोडू नये. नानांचा आकडा सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट निघाला. घरचे पाणी तपासले, ते निर्दोष होते. पुडीत आर्सेनिक सापडले.

त्या रात्री मी झोपले नाही. दुःखाइतकीच मला एका प्रश्नाने टोचणी लावली होती: हे विष मेंदूत जाऊन नेमके करते काय? पुढील काही महिने मी वाचत राहिले आणि डॉक्टरांना विचारत राहिले. त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडते.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्केच असतो, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ वीस टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. चेतापेशी ही सतत पेटती ठेवावी लागणारी समई आहे. तिच्यात साठवणुकीचे तेल फारसे नसते. हे तेल पुरवण्याचे काम पेशीतील तंतुकणिका करतात. अन्नातील साखरेपासून बनलेले पायरुव्हेट नावाचे द्रव्य या तंतुकणिकांत शिरते आणि काही विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, मदतीने त्यातून ऊर्जा निघते. या विकरांची कार्यक्षम जागा म्हणजे गंधकाची टोके. आणि आर्सेनिकला गंधकाची ओढ आहे. भूगर्भात ज्या ओढीने आर्सेनिक व गंधक एकत्र येऊन हरताळ तयार होतो, त्याच ओढीने शरीरात शिरलेले आर्सेनिक विकरांच्या गंधकाला जाऊन चिकटते आणि ती जागा अडवून बसते. साखर असते, प्राणवायू असतो, पण समई मंदावते.

हे ज्ञान आजचे नाही. ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स हे शास्त्रज्ञ ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा अभ्यास करीत असताना कबुतरांच्या मेंदूतील याच पायरुव्हेटच्या मार्गावर काम करीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा शोधताना त्यांच्या गटाने हाच धागा पकडला: आर्सेनिक गंधकाला चिकटते, तर त्याला चिकटण्यासाठी गंधकाची दोन टोके असलेले दुसरे द्रव्य द्यावे. त्यातून जो उतारा तयार झाला, तो तीव्र विषबाधेत आजही वापरला जातो. ब-१ च्या अभावानेही हातापायांच्या नसा दुखावतात आणि आर्सेनिकनेही दुखावतात, कारण दोन्ही ठिकाणी घाव त्याच मार्गावर पडतो.

दुसरा घाव गंजण्याचा. ऊर्जा निर्माण होताना पेशीत काही दाहक मुक्त कण तयार होतात. त्यांना शांत करण्यासाठी पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य असते. त्यातही गंधकच कामाचा. आर्सेनिक हे द्रव्य खर्ची पाडते आणि त्याच वेळी मुक्त कण वाढवते. मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला आधारपेशी असतात. ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशी चेतापेशींना हे संरक्षक द्रव्य बनवण्याचा कच्चा माल पुरवतात, एखाद्या घरात थोरली सून सगळ्यांच्या ताटावर लक्ष ठेवते तशा. त्याच थकल्या, की चेतापेशी उघड्या पडतात. मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी चिथावल्या जाऊन दाह वाढवतात. स्मरणासाठी आवश्यक असलेल्या संदेशवाहक द्रव्यांचे, त्यांतही ॲसिटिलकोलीनचे, व्यवहार बिघडतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

मग सुरुवात पायांपासून का झाली? कारण पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरातील सर्वांत लांब. एकाच पेशीचा तो तंतू हातभर नव्हे, कित्येकदा मीटरभर लांब असतो आणि त्याच्या टोकापर्यंत माल पोहोचवणे सर्वांत कष्टाचे. ऊर्जा कमी पडली, की टोकाचे गाव आधी अंधारात जाते. म्हणून आग व बधिरता आधी पायमोज्याच्या जागी येते, मग हातमोज्याच्या जागी. नानांची निसटलेली चप्पल हा विनोद नव्हता. ती पहिली तार होती, आणि आम्ही ती न वाचता बाजूला ठेवली.

आपल्याला वाटेल, हा एका पुडीचा, एका घराचा अपघात. पण पूर्वेकडे याच विषाने लक्षावधी घरांत प्रवेश केला, तो पुडीतून नव्हे, पाण्यातून. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांनी हिमालयातून आणलेल्या गाळात आर्सेनिक असते. तळी-पोखरींचे गढूळ पाणी पिऊन पटकी व अतिसाराने माणसे, विशेषतः बालके, दगावत; म्हणून बंगालमध्ये व बांगलादेशात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी काचेसारखे स्वच्छ होते. पटकीचे जंतू त्यात नव्हते, आर्सेनिक होते. १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या अंगावरील ठिपके पाहून हा रोग ओळखला. पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव हिंडून पाण्याचे नमुने तपासले. १९९३ मध्ये बांगलादेशातील विहिरींतही आर्सेनिक सापडले. तेथे कूपनलिका तपासून रंगवल्या गेल्या: सुरक्षित ती हिरवी, असुरक्षित ती लाल. आपल्या शेजारच्या छत्तीसगढमध्ये, गोंदिया-गडचिरोलीच्या सीमेपलीकडील अंबागढ चौकी भागात, कौडीकसा नावाच्या गावीही १९९९ च्या सुमारास हेच आढळले.

त्वचेवरचे ठिपके सर्वांना दिसले. डोक्यातील नुकसान मोजायला अधिक वेळ लागला. बांगलादेशातील अराईहाजार भागात दहा वर्षांच्या २०१ मुलांची बुद्धिमापन चाचणी घेण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरच्या विहिरीत आर्सेनिक जितके अधिक, तितके मुलांचे गुण कमी, असे दिसले. वयस्कांविषयी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ग्रामीण भागातून २०११ मध्ये एक अभ्यास आला. तेथील पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण बंगालइतके भयंकर नव्हते, तरीही दीर्घकाळ अधिक आर्सेनिकच्या संपर्कात राहिलेल्या प्रौढांची व वृद्धांची भाषा, स्मरण आणि नियोजन यांच्या चाचण्यांतील कामगिरी उणी आढळली.

येथे एक सावधगिरीचा शब्द. आर्सेनिकमुळे अल्झायमरचा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आर्सेनिकमुळे टाऊ या प्रथिनात अल्झायमरशी मिळतेजुळते बदल दिसले आहेत, पण बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे. विसरणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या पोटात विष गेले आहे, असा संशय घेऊन घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की विस्मरणाला कारण असू शकते आणि ते शोधण्याचा वृद्धांना हक्क आहे.

आता थोडे व्यवहाराचे बोलू.

पाण्याबाबत: पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्षांश भाग. इतक्या सूक्ष्म प्रमाणाला चव नसते, रंग नसतो, वास नसतो. जीभ येथे साक्ष देऊ शकत नाही, प्रयोगशाळाच देऊ शकते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागातील काळ्या खडकातल्या पाण्यात हा धोका गंगेच्या खोऱ्याइतका नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा प्रश्न अधिक आहे. परंतु आपली मुले-नातवंडे बंगाल, बिहार, आसाम किंवा पूर्व उत्तर प्रदेशात असतील, किंवा आपण त्यांच्याकडे वर्षानुवर्षे राहिला असाल, तर तेथील कूपनलिकेचे पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. फडक्याने गाळून किंवा क्लोरीन घालूनही ते जात नाही. त्यासाठी योग्य प्रकारची, वेळच्या वेळी देखभाल केलेली शुद्धीकरण यंत्रणा किंवा दुसरा स्रोत लागतो. त्या भागात भातपिकातही आर्सेनिक उतरते. तेथे असाल तर आपल्या आजीप्रमाणे भरपूर स्वच्छ पाण्यात भात शिजवून तो वेळावा; त्यातील बराच अंश पेजेबरोबर निघून जातो. अर्थात ती पेज मग प्यायची नाही.

पुड्यांबाबत: मी आयुर्वेदावर दोष ठेवत नाही. रसशास्त्रात हरताळ व मनशीळ शोधन-संस्कार करूनच वापरण्याचे विधान आहे. आपल्या कायद्याने ही द्रव्ये विषारी द्रव्यांच्या यादीत घातली आहेत आणि ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना बंधनकारक केली आहे. ज्या पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, निर्माता नाही, परवाना क्रमांक नाही, तिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते. आणि प्रश्न केवळ यात्रेतील पुड्यांचा नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. परदेशी असलेल्या मुलांकडे जाताना बॅगेत ‘आपली’ औषधे भरून नेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. ‘नैसर्गिक आहे’ म्हणजे निर्धोक आहे असे नाही, हरताळही निसर्गाचाच.

आहाराबाबत: यकृत आर्सेनिकवर प्रक्रिया करून ते मूत्रावाटे बाहेर टाकते आणि या कामी फोलेट हे जीवनसत्त्व उपयोगी पडते. बांगलादेशात फोलेटची कमतरता असलेल्या प्रौढांना फॉलिक ॲसिड दिल्यावर त्यांच्या रक्तातील आर्सेनिक घटले, असे दिसले आहे. पालेभाज्या व डाळी ताटात असाव्यात, हे उत्तमच. मात्र फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. वृद्धांत त्यामुळे ब-१२ ची कमतरता झाकली जाऊन नसांचे नुकसान चालूच राहू शकते.

आणि घाबरून जाऊन डॉक्टरांनी वा वैद्यांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे आपण होऊन बंद करू नका. सगळ्या पुड्या, गोळ्या, काढे, तेले, भस्मे एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांपुढे ओता.

नानांचे काय झाले, हे आपण विचाराल. उपचारांतील मुख्य भाग एकच होता: पुडी बंद. शरीरातील आर्सेनिक बाहेर काढण्याची औषधे आहेत, पण दीर्घकाळच्या संपर्कात त्यांचा लाभ मर्यादित असतो आणि त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम असतात. नानांचे वय पाहून डॉक्टरांनी ती दिली नाहीत. मूत्रातील आर्सेनिक काही आठवड्यांतच उतरले. दम्यासाठी रीतसर इनहेलर सुरू झाला. पण नसा व पेशी आपल्या गतीने भरून येतात. पायांची आग सात-आठ महिन्यांनी शमली. तळवे अजूनही अर्धे बधिर आहेत. त्यांना मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या आहेत आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवली आहे. त्वचेवरील बदलांसाठी दर सहा महिन्यांनी तपासणी होते, कारण आर्सेनिकने कर्करोगाचा धोकाही वाढतो.

विष्णुसहस्रनाम काही प्रमाणात परत आले. साधारण वर्षभराने एका पहाटे ते त्या अडणाऱ्या जागेवरून पुढे गेल्याचे मी स्वयंपाकघरातून ऐकले. पोथीवरच्या हरताळाखाली अक्षर शिल्लक असते. नानांच्या बाबतीत काही अक्षरे केवळ झाकलेली होती, ती पुन्हा दिसू लागली. काही मात्र कायमची गेली. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचा दिवस त्यांना आठवत नाही. आईच्या आवाजाविषयी ते मला विचारतात आणि मी सांगते.

एकदा धीर करून मी त्यांना म्हणाले, “नाना, ती पुडी मीच देत होते.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू दिलीस म्हणून तर मी घेतली. पुढच्या वेळी काय देतेस ते मला वाचून दाखव.” या उत्तरात क्षमा होती की नाही, मी अजून ठरवू शकलेले नाही. पण त्यात एक नियम होता, आणि तो आम्ही पाळतो.

आमच्या देव्हाऱ्याशेजारी एक दोनशे पानी वही आहे. नानांच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती गोळी असो, काढा असो वा शेजारणीने दिलेले चूर्ण, आधी वहीत लिहिली जाते: नाव, कोणी दिले, कशासाठी, कधीपासून. ज्याचे नाव लिहिता येत नाही, ते पोटात जात नाही. उजवीकडच्या रकान्यात नानांच्या तक्रारी असतात, त्यांच्याच शब्दांत. ‘पायाखाली वाळू’, ‘मणी लागत नाही’, ‘पुढचे दिसत नाही’. त्यांना आम्ही वयाचे उत्तर देत नाही. तारीख घालतो आणि डॉक्टरांना दाखवतो. पहिल्या पानावरची पहिली नोंद नानांनी स्वतः, कापऱ्या हाताने केली आहे: ‘सकाळी सहा. कोमट पाणी, एक पेला. घरचे.’

वाचकहो, अशी एक वही आज रात्री आपल्याही घरी सुरू करा. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारा, “दिवसभरात काय काय घेता?” आणि त्यांनी सांगितलेले, आपल्याला क्षुल्लक वाटले तरी, पूर्ण लिहून घ्या.